बारावीनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती: कुठे शोधावी आणि कोणत्या क्रमाने?

माणदेशी

नमस्कार. माझी पुतणी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून सीईटीमध्येही तिला चांगले पर्सेंटाइल मिळाले आहे. तिला अभियांत्रिकीला जायचे आहे. आटपाडी तालुक्यात भावाची थोडी डाळिंबाची बाग आणि बाकी जिरायत जमीन आहे. तेल्या रोगाने बाग गेली की वर्ष कोरडे जाते. आम्ही इतर मागास वर्गात मोडतो आणि तहसीलदारांकडून मिळालेला उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या आतला आहे.

पुण्यातल्या काही खाजगी महाविद्यालयांची माहितीपत्रके पाहिली, तर शिक्षण शुल्क लाखाच्या पुढे आणि वसतिगृह व मेस मिळून जवळपास तेवढाच खर्च दिसतो. गावातला एक सायबर कॅफेवाला 'सगळ्या शिष्यवृत्त्यांचे फॉर्म भरून देतो' म्हणून पैसे मागतो आहे. माझा प्रश्न असा की शिष्यवृत्ती नेमकी कुठून शोधायला सुरुवात करावी, आणि अगोदर काय करावे व नंतर काय? ज्यांनी स्वतः अर्ज केले आहेत किंवा तपासले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चाफा

माणदेशी, मी एका महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे तपशिलात लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे खर्चाचे दोन भाग करा. शिक्षण शुल्क हा एक, आणि राहणे-जेवणे हा दुसरा. पहिल्या भागाचे उत्तर तुमच्या पुतणीसाठी जवळजवळ तयार आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागास वर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के लाभ मिळतो. त्याआधी तो ५० टक्के होता. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ नाही. दरवर्षी काही पालक आवडती शाखा मिळावी म्हणून संस्थास्तरावर जागा घेतात आणि मग शिष्यवृत्तीची चौकशी करायला खिडकीशी येतात; त्यांना नाही म्हणताना फार वाईट वाटते. म्हणून शिष्यवृत्तीचा विचार कॅपचा पसंतीक्रम भरण्याच्या आधी करायचा असतो.

दुसरे, कागदपत्रे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, चालू आर्थिक वर्षाचे नॉन क्रिमिलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र), उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, कॅपचे वाटपपत्र. यातले जात वैधता प्रमाणपत्र सर्वांत जास्त वेळ खाते. ते अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयाच्या पत्रासह अर्ज करून मिळवायचे असते. तुमच्याकडे ते आहे का, एवढे आधी कळवा.

तिसरे, सायबर कॅफेवाल्याला पैसे देऊ नका. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज विनामूल्य आहे आणि बारावी झालेली मुलगी तो एका दुपारी स्वतः भरू शकते. शिवाय वापरकर्ता नाव, पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक तिचाच राहिला पाहिजे, कारण पुढची सगळी वर्षे नूतनीकरण त्याच खात्यातून होते. कॅफेवाल्याचा क्रमांक नोंदवलेली मुले दुसऱ्या वर्षी ओटीपीसाठी त्याच्यामागे फिरताना मी पाहिली आहेत.

खान्देशकर

चाफाताईंनी नियम अचूक सांगितले, परंतु व्यवहाराची बाजूही लोकांना कळली पाहिजे. माझ्या मुलाच्या वेळी महाविद्यालयाने प्रवेशाच्या दिवशी पूर्ण शुल्क भरायला लावले आणि 'शिष्यवृत्ती आली की परत देऊ' असे तोंडी सांगितले. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता वर्ष संपल्यावर आला. मधल्या काळात आम्ही सोसायटीचे कर्ज काढले आणि त्याचे व्याज कोणत्याच योजनेतून भरून निघाले नाही. कागदावर १०० टक्के सवलत असली, तरी प्रवेशाच्या दिवशी हातात किती रक्कम लागेल हे विचारूनच पुढे जा.

चाफा

खान्देशकर, तुमचे म्हणणे खरे आहे आणि त्याबद्दल मलाही चीड आहे. पात्र विद्यार्थ्यांकडून सवलतीच्या भागाचे शुल्क प्रवेशावेळी घेऊ नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिल्या आहेत. तरीही कोणी मागितले, तर प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, त्यावर योजनेचे नाव व शासन निर्णयाचा दिनांक लिहावा आणि पोच घ्यावी. पोच घेतलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी विषय तिथेच मिटतो. रक्कम भरावीच लागली, तर पावतीवर प्रत्येक शीर्षक वेगळे लिहून घ्यावे. विकास शुल्क, ग्रंथालय, अनामत, गणवेश हे या सवलतीत येत नाही. ते कुटुंबालाच भरावे लागते आणि त्याची तयारी ठेवावी.

सांजवेळ

वाचनखूण साठवली. माझ्या भाचीलाही पुढच्या वर्षी लागेल.

तिसरी_घंटा

केंद्र शासनाच्या योजनाही बघाव्यात. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय शिष्यवृत्ती आहे. बारावीला आपल्या मंडळात ८० व्या पर्सेंटाइलच्या वर असणाऱ्या आणि ४.५ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्या विद्यार्थ्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्यांतल्या निम्म्या मुलींसाठी असतात. एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती ही योजना तर तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठीच आहे: वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्न मर्यादा ८ लाख, एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सक्षम आणि अनाथ मुलांसाठी स्वनाथ या त्याच धर्तीच्या योजना आहेत. जिथे जिथे पात्र आहे तिथे तिथे अर्ज करावा असे माझे मत आहे.

चाफा

तिसरी_घंटा, माहिती उत्तम आहे, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. शासनाच्या एका योजनेचा लाभ घेत असताना दुसरी घेता येत नाही, असे बहुतेक योजनांच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेले असते. केंद्रीय शिष्यवृत्तीत तर राज्याची शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी घेणारा विद्यार्थी अपात्र ठरतो. दोन्हीकडे अर्ज करून दोन्ही मंजूर झाले, तर पुढे वसुली निघू शकते. म्हणून आधी बेरीज करावी. माणदेशींच्या पुतणीला लाखाच्या पुढचे शिक्षण शुल्क माफ होत असेल, तर ५०,००० किंवा १२,००० साठी ते सोडण्यात अर्थ नाही. उलट ज्या मुलीला कमी शुल्काच्या शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळतो, तिच्यासाठी प्रगती अधिक लाभाची ठरू शकते. हे गणित प्रत्येक घराचे वेगळे असते.

तिसरी_घंटा

मान्य. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठीही एक वाक्य जोडतो: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल, तर ५० टक्के शिक्षण शुल्क मिळते आणि तिथेही कॅपची अट आहे. बी.एस्सी. करणाऱ्यांनी इन्स्पायर विसरू नये. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या निवडक गुणवंतांना वर्षाला ८०,००० रुपयांची ती शिष्यवृत्ती आहे आणि अभियांत्रिकीच्या मागे लागलेल्या घरांत तिचे नावही ऐकलेले नसते.

इंद्रायणी

शुल्काचे झाले, राहण्या-जेवणाबद्दल मी लिहिते, कारण पुण्यात शिकायला आलेली मुले शिक्षण सोडून परत जातात ती बहुधा याच खर्चामुळे. कॉट बेसिसची खोली, दोन वेळचा डबा, बसचा पास आणि प्रात्यक्षिकांच्या वह्या हा खर्च दर महिन्याला रोख लागतो. त्यासाठी शासनाचा हप्ता कधी येईल याची वाट पाहता येत नाही.

सर्वप्रथम शासकीय वसतिगृहाचा अर्ज करावा. तिथे प्रवेश मिळाला नाही, तर इतर मागास वर्ग, भटक्या-विमुक्त जाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरांत भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे, त्यामुळे माणदेशींचा दाखला बसतो. जागा ठरावीक असतात आणि निवड गुणवत्तेवर होते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना अशाच स्वरूपाच्या आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तोही पाहावा.

संस्थांमध्ये पुण्यातली विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय अल्प दरात करते. मी तिथे राहिलेली नाही, पण माझ्या वर्गातल्या मुली होत्या. त्या सकाळी नेमून दिलेले काम करून वर्गात येत आणि त्याबद्दल त्यांना अभिमान होता.

पांढरी_माती

'कमवा व शिका' कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली. मुलाने श्रम करून शिकावे आणि ताठ मानेने शिकावे, हा विचार त्यांनी महाराष्ट्रात रुजवला. पुणे विद्यापीठात आजही त्यांच्या नावाने ही योजना चालते. माझे कलाशाखेतले पदवीचे शिक्षण ग्रंथालयात पुस्तके लावून झाले. रॅकमधली पुस्तके क्रमांकाप्रमाणे लावता लावता जी वाचून झाली, तीच माझी खरी कमाई.

इंद्रायणी

पांढरी_माती, योजनेबद्दल आदर ठेवूनही सांगते, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी तिच्यावर भिस्त ठेवू नये. सकाळी व्याख्याने, दुपारी प्रात्यक्षिके आणि संध्याकाळी लिखाण असे वेळापत्रक असते. पहिल्या वर्षी विषय राहिले, तर नूतनीकरणाला अडथळा येऊ शकतो आणि कमावलेल्या पैशांपेक्षा कितीतरी मोठे नुकसान होते. दुसऱ्या वर्षापासून जरूर करावे.

नवी_वाट

मी एका छोट्या विश्वस्त संस्थेसाठी स्वेच्छेने शिष्यवृत्तीचे अर्ज वाचते, म्हणून खाजगी मदतीबद्दल लिहिते.

मोठ्या संस्थांची नावे अनेकांना माहीत असतात. लीला पूनावाला फाउंडेशन पुण्यासह काही जिल्ह्यांत मुलींसाठी काम करते. ठाण्याचे विद्यादान सहायक मंडळ ग्रामीण विद्यार्थ्यांना पैशांबरोबर मार्गदर्शक कार्यकर्ताही देते. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाच्या काळात मिळून २ लाखांपर्यंत असते आणि तिच्यासाठी अभिक्षमता चाचणी द्यावी लागते. पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टची शिष्यवृत्ती आहे. परंतु याहून जवळ शोधावे, असा माझा आग्रह आहे. तालुक्यातली सहकारी पतसंस्था, साखर कारखान्याचा शिक्षण निधी, ज्ञातिसंस्था, रोटरी क्लब, शाळेचा माजी विद्यार्थी संघ यांच्याकडे अर्जदार थोडे असतात आणि निर्णय लवकर होतो. आमच्याकडे काही वर्षी निधी शिल्लक राहतो, कारण योग्य अर्जच येत नाहीत.

अर्ज कसा लिहावा हे सांगते. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ पत्रांत घरच्या दारिद्र्याचे दोन पानी वर्णन असते आणि किती रुपये, कशासाठी, कोणत्या महिन्यात हवेत, हे कुठेच नसते. माझ्या लक्षात राहिलेल्या एका अर्जात मुलीने वहीचे पान आखून डावीकडे वर्षाचा खर्च लिहिला होता: मेस, खोली, प्रवास, ड्रॉइंगचे साहित्य. उजवीकडे मिळणारे पैसे: शुल्कमाफी, आईच्या शिवणकामातून येणारी रक्कम, मामांनी कबूल केलेली रक्कम. खाली उरलेली तूट होती आणि तेवढीच मदत तिने मागितली होती. तो अर्ज वाचायला पाच मिनिटे लागली आणि मंजूर व्हायला एक बैठक. माणदेशी, पुतणीला असे पान तिच्या अक्षरात करायला सांगा.

खान्देशकर

नवी_वाट, आपल्या कामाबद्दल आदर आहे. तरीही मुलाखतीला बोलावून अठरा वर्षांच्या मुलांना अनोळखी लोकांसमोर घरची गरिबी सांगायला लावणे मला पटत नाही. माझा मुलगा अशा एका मुलाखतीहून आला आणि 'पुन्हा जाणार नाही' म्हणाला. त्याला विचारले होते की घरात दूरचित्रवाणी संच आहे का, मोबाइल कोणता आहे. शिक्षणाचा खर्च शासनाने उचलावा; मुलांना कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये.

नवी_वाट

खान्देशकर, तो प्रश्न विचारणाऱ्यांची चूक होती, असे मी स्पष्टपणे म्हणेन. गरज तपासायची तर कागद आहेत, गृहभेट आहे; मुलाला ओशाळे करण्याची आवश्यकता नाही. आम्ही मुलाखतीत अभ्यासक्रमाबद्दल आणि पुढच्या विचाराबद्दल विचारतो. शासनाने खर्च उचलावा, याबद्दल आपले एकमत आहे. मात्र शासनाचा हप्ता येईपर्यंतच्या महिन्यांत मेसचे पैसे कोणीतरी भरावे लागतात आणि लहान संस्थांचे काम नेमके तिथे आहे.

पांढरी_माती

खान्देशकरांच्या मुद्द्याला इतिहासाचा आधार आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभे केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. ज्या काळी राज्यकर्त्याची इच्छा हाच आधार होता, तिथून आपण शासन निर्णयापर्यंत आलो आहोत. त्यामुळे खिडकीशी उभ्या असलेल्या मुलाने याचकासारखे बोलू नये आणि खिडकीमागच्याने दात्यासारखे वागू नये.

चाफा

पांढरी_माती, शेवटचे वाक्य आमच्या विभागात लावण्यासारखे आहे.

गोमंतकी

गोव्यात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी: आमच्याकडे गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे. परत करावे लागते, पण व्याजाचा भार नसतो. उच्च शिक्षणासाठी राज्याबाहेर जाणाऱ्यांनी जरूर चौकशी करावी.

बेळगावहून

सीमाभागातील मुलांना महाराष्ट्राच्या कॅपमध्ये स्वतंत्र उमेदवारी प्रकार आहे, परंतु प्रवेश मिळाला म्हणजे महाराष्ट्राची शिष्यवृत्ती मिळेलच असे नाही, कारण बहुतेक योजनांत महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र मागतात. आमच्याकडच्या पालकांनी योजनेनुसार ही अट प्रवेशाआधीच विचारावी. मात्र हे वाचून कोणी निराश होऊ नये: मी स्वतः खाजगी विश्वस्त निधीच्या मदतीने शिकलो आणि त्या निधीने सातबारा पाहिला, राज्य पाहिले नाही.

तिसरी_घंटा

कर्जाचा विषय निघाला म्हणून: ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या कर्जावर, अभ्यासक्रमाच्या काळातील आणि त्यानंतरच्या एका वर्षातील व्याजाचे अनुदान देणारी केंद्राची योजना आहे. सोसायटीचे किंवा सावकाराचे पैसे घेण्याआधी बँकेत तिची चौकशी करावी.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढले होते. तिच्या कनिष्ठ महाविद्यालयातील सरांनी सगळ्या वर्गाला अर्ज करायला लावले होते. नॉन क्रिमिलेअर नवे काढायला टाकले आहे. कॅफेवाल्याला नकार कळवला. पुतणीने काल रात्री वहीचे पान आखले.

त्या पानावरून एक नवा प्रश्न निर्माण झाला. पुण्यातले खाजगी महाविद्यालय आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, दोन्ही तिच्या पर्सेंटाइलच्या टप्प्यात दिसतात. पुण्यात आधार योजनेचे ६०,००० मिळतील हे गृहीत धरले, तर तूट थोडी राहते. ते मिळाले नाहीत, तर तूट भावाच्या आवाक्याबाहेर जाते. पसंतीक्रमात वर काय ठेवावे?

इंद्रायणी

निवड गुणवत्तेवर आणि जागा मर्यादित असल्यामुळे आधार योजनेचे पैसे तुटीच्या हिशेबात धरू नका. मिळाले तर उत्तम. जी रक्कम निश्चित आहे, ती म्हणजे शुल्कमाफी. तेवढ्यावर जिथे चार वर्षे निभावता येतील, ते महाविद्यालय वर ठेवा. कराडला राहण्याचा खर्च पुण्याच्या मानाने बराच कमी आहे, शासकीय महाविद्यालयाचे शुल्कही कमी आहे आणि आटपाडीहून घरचा माणूस सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकतो. शाखा मनासारखी मिळत असेल, तर मी कराड वर ठेवीन.

चाफा

मीही तेच सांगेन. कराड मिळाले, तर शुल्कमाफी आणि प्रगती यांपैकी काय घ्यायचे, याची बेरीज त्या वर्षाच्या शुल्कपत्रकावरून पुन्हा करा.

अर्ज भरण्याआधी आणखी एक काम उरकून घ्या. पुतणीच्या बँक खात्याचे आधार सीडिंग, म्हणजे आधार क्रमांकाशी असलेली जोडणी, तपासा. खात्याला आधार जोडलेले असणे आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाच्या) नोंदीत तेच खाते असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्यवृत्तीची रक्कम एनपीसीआयच्या नोंदीतल्या खात्यात जाते. शाळेत असताना उघडलेले एखादे जुने, व्यवहार नसलेले खाते तिथे नोंदलेले असेल, तर मंजूर झालेली रक्कमही अडकते. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि काही दिवसांनी नोंद बदलल्याची खात्री करा.

उत्पन्नाचा दाखला अपलोड करताना त्यावरचा बारकोड पूर्ण दिसला पाहिजे. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात नेमका तोच कोपरा कापला जातो आणि अर्ज परत येतो. अर्ज दाखल झाल्यावर दर आठवड्याला स्थिती पाहावी. त्रुटीसाठी परत आलेला अर्ज दुरुस्त करायला थोडेच दिवस मिळतात आणि त्याचा लघुसंदेश प्रत्येक वेळी येतोच असे नाही. कॅपची पहिली फेरी लागली की इथेच लिहा, पुढचे टप्पे सांगते.

माणदेशी

उद्या सकाळी पुतणीला घेऊन बँकेत जातो. पसंतीक्रम भरण्याआधी यादी इथे टाकतो.